अंबाडी पिवळी का पडते

१७ सप्टेंबर २००६, रविवार. सकाळी ९.
प्रियदर्शिनी आणि एकता नागपूरला सुखरूप पोचल्या. यंदा धम्मदीक्षेला पन्नास वर्षं होतायत, दीक्षाभूमीवर मोठा कार्यक्रम आहे. बायकोला मीच म्हणालो, जाऊन ये. (तिनं तिकिटं काढल्यावर म्हणालो. पण म्हणालो.) चार आठवड्यांचा प्रश्न. एकताची दुसरीची परीक्षा बुडेल, बुडू दे. जाताना प्रियदर्शिनीनं एकताची रिपोर्ट बुकं, जन्मदाखला आणि स्वतःची एम.एस्सी.ची सर्टिफिकेटं नेली. आजी-आजोबांना दाखवायला असणार.

संकल्प: ती परत येईल त्या दिवशी घरात ताजी अंबाडी हवी. तिची सगळ्यात आवडती भाजी. लग्नाला अकरा वर्षं झाली, वर्ध्याला माझ्या आईकडे गेलो की प्रियदर्शिनी स्वतः अंबाडी करतेच. सिंगापूरमध्ये सगळा पाला मिळतो, हा मिळत नाही. आईनं दिलेलं बी डब्यात सापडलं. आज पेरलं. आइस्क्रीमचे रिकामे डबे, सहा. चिप फॅक्टरीत यील्ड, म्हणजे शंभरातले किती चांगले निघतात ते, वाढवणं हे माझं रोजचं काम. सहा डब्यांचं काय घेऊन बसलात.

२३ सप्टेंबर, शनिवार.
अठ्ठावीस बियांतून चोवीस रोपं. यील्ड ८५.७ टक्के. सोमवारी बॉसला सांगावं का?

जागेचा प्रश्नही सुटला. बाहेर कॉरिडॉरमध्ये मांजरं आणि समोरच्या मिसेस लिम. म्हणून एकताच्या खोलीतलं कपाट. पूर्ण रिकामंच होतं. चार आठवड्यांसाठी सगळे कपडे कशाला न्यायचे, पण बायकांचं पॅकिंग असंच. आत दोन ट्यूबलाइट बसवल्या. कंट्रोल्ड एन्व्हायर्नमेंट.

२ ऑक्टोबर, सोमवार. संध्याकाळी.
विजयादशमी. फोन लागला एकदाचा. मागून माणसांचा समुद्र ऐकू येत होता. मी म्हणालो, तू आलीस की एक सरप्राइज आहे. ती म्हणाली, मलाही तुमच्याशी बोलायचंय, नीट, दहा मिनिटं तरी ऐकून घ्या. मी म्हणालो, त्या गर्दीत काय बोलतेस, इकडे आलीस की बोलू. बरं म्हणाली.

दोन रोपांची खालची पानं पिवळी.

७ ऑक्टोबर, शनिवार.
हेझ. इंडोनेशियातल्या धुरानं आमचं तोआ पायोह दिसेनासं झालंय. पीएसआय, म्हणजे हवेच्या प्रदूषणाचा आकडा, दीडशे. खिडक्या बंद.

पिवळेपणा नऊ रोपांवर. रूट कॉज अ‍ॅनालिसिसचा तक्ता भिंतीवर लावला. पिवळ्या रंगाचे पाच ग्रेड ठरवले, प्रत्येक पान रोज मोजायचं. निष्कर्ष: नायट्रोजन कमी. बाटलीवर लिहिलंय त्याच्या दुप्पट खत घातलं, कारण आपल्याकडे वेळ निम्मा आहे.

संध्याकाळी रत्नदीप आला. आमच्या बुद्धवंदनेच्या ग्रुपमधला, युनिव्हर्सिटीत संशोधक. म्हणाला, सर, पहिली दोन पानं पिवळी पडून गळतातच, त्यांचं काम झालेलं असतं. त्याचं संशोधन माशांवर आहे. मी वाद घातला नाही. वहिनी कधी येतायत, असं त्यानं दोनदा विचारलं आणि कपाटाकडे बराच वेळ बघत बसला. प्रभावित झालेला दिसला.

११ ऑक्टोबर, बुधवार. सकाळी ७.
पानांची टोकं करपली. चोवीसची एकोणीस. खताचा दोष नाही, ट्यूब फार जवळ होत्या. वर सरकवल्या. मॅग्नेशियमसाठी एप्सम सॉल्ट सुरू. पाणी दिवसातून तीनदा: सकाळी, ऑफिसातून आल्यावर, झोपताना. कोणाला म्हणता येणार नाही की मी लक्ष देत नाही.

१५ ऑक्टोबर, रविवार.
आज त्या यायच्या होत्या. तारीख पुढे गेली. प्रियदर्शिनी झोपली होती, म्हणून फोन उज्ज्वलनं घेतला. तिचा भाऊ. म्हणाला, भाऊजी, ताईला जुन्या कॉलेजात घेतलंय, उद्यापासून जॉइन होतेय. मी म्हणालो, छान, तेवढाच वेळ जाईल. तो म्हणाला, भाऊजी, पर्मनंट पोस्ट आहे. मी म्हणालो, अरे मग तर रजाही मिळेल. तिकडून फोन बंद झाला. लाइन खराब असावी.

लग्नाच्या वेळी ती त्याच कॉलेजात केमिस्ट्री शिकवायची. अठ्ठ्याण्णव साली इकडे आलो तेव्हा मी तिला शब्द दिला होता, दोन वर्षं, मग परत. शब्द मी मोडलेला नाही. मुदत वाढवलीय.

एक फायदा झाला. अंबाडीला जास्त दिवस मिळाले.

२१ ऑक्टोबर, शनिवार.
एकताचा फोन. इथलं ‘लाह’ अजून सुटलेलं नाही. पप्पा, हिअर द स्कूल फील्ड सो बिग, यू डोन्ट नो लाह. म्हटलं, शाळा? कुठली शाळा? म्हणाली, माय स्कूल लाह. आजोबा तिला सायकलवरून सोडतात. तिकडे मुलं तिला सिंगापूर म्हणून हाक मारतात. मी विचारलं, परत कधी येणार बेटा? ती म्हणाली, आई से डोन्ट टॉक अबाउट दॅट, आई विल टॉक.

तात्पुरता प्रवेश घेतलेला दिसतो. अभ्यास बुडू नये म्हणून. प्रियदर्शिनी शिस्तीची आहे.

चौदा रोपं. ग्रेड ३.

२८ ऑक्टोबर, शनिवार. दुपारी.
मिसेस लिम केक घेऊन आल्या. दार उघडंच होतं, सरळ कपाटापर्यंत गेल्या. डब्यात बोट बुडवून म्हणाल्या, अय्यो, टू मच वॉटर लाह, बॉटम नो होल, हाऊ टू ब्रीद? मी त्यांना तक्ता समजावून सांगितला. त्या म्हणाल्या, युवर वाइफ ऑल्सो टेल यू मेनी थिंग, यू ऑल्सो शो हर पेपर. इंग्लिश कच्चं आहे, नीट अर्थ लागला नाही.

त्या गेल्यावर दोन डब्यांना भोकं पाडली. फक्त तुलना म्हणून.

३ नोव्हेंबर, शुक्रवार.
भोकं पाडलेल्या दोन डब्यांतली रोपं हिरवी झाली. निष्कर्ष: एप्सम सॉल्टचा परिणाम उशिरा दिसतो.

४ नोव्हेंबर, शनिवार. संध्याकाळी ५.
उत्तम दिवस. अकरा रोपं आहेत, पण काय रोपं. नव्या पानांना आता बोटं फुटलीत, पाच-पाच, करवतीसारख्या कडा. घरमालकाचा एजंट लीज वाढवायचं विचारायला आला होता. त्याला मी स्वतः कपाट उघडून दाखवलं. ट्यूबच्या उजेडात पाच बोटांची पानं बघून तो थक्कच झाला. मोबाइलवर फोटोही काढला. चहा न घेताच गेला, घाईत होता. लीज दोन वर्षांसाठी वाढवायला सांगितली. तिघांच्या नावावर.

५ नोव्हेंबर, रविवार. दुपारी २.
सकाळी अकराला पोलीस आले. दोघे होते, एक वयस्कर सार्जंट आणि एक तरुण मुलगी. कपाटात काय आहे, विचारलं. मला आधी कळलंच नाही. मग त्या मुलीनं गांजाच्या पानाचं चित्र समोर धरलं आणि मी खुर्चीवर बसलो. या देशात त्याला काय शिक्षा आहे ते मला माहीत आहे.

मी म्हणालो, ही भाजी आहे. माझ्या बायकोची आवडती भाजी. विश्वास नसेल तर तिलाच विचारा. नंबर मीच दिला. सार्जंटनं माझ्याच फोनवरून लावला आणि स्पीकरवर ठेवला.

प्रियदर्शिनी शांतपणे इंग्लिशमध्ये बोलली. वर्गात बोलत असेल तशी. हो, ती अंबाडी आहे, आमच्याकडे खातात. चव आंबट असते, पान चावून बघा. झाडाचं शास्त्रीय नावही सांगितलं, ते त्या मुलीनं लिहून घेतलं. मग सार्जंट म्हणाला, सो दिस इज युवर फेव्हरिट, मॅडम. ती म्हणाली, नो. मला नाही आवडत, दात आंबतात. त्यांना आवडते. म्हणून मी करते. करायचे.

मग त्यानं विचारलं, मॅडम, सिंगापूरला कधी परत येणार? मी मध्येच म्हणालो, पुढच्या महिन्यात. ती म्हणाली, ऑफिसर, मी परत येणार नाही. त्यांच्या नोकरीवर मिळालेला माझा आणि मुलीचा डिपेंडंट पास कॅन्सल करायचाय, फॉर्मवर त्यांची सही लागेल, मी महिनाभर सांगायचा प्रयत्न करतेय.

खोलीत ट्यूबचा आवाज येत होता.

सार्जंटनं फोन बंद केला. एक पान पाकिटात घातलं, उद्या कळवतो म्हणाला. ती मुलगी स्वयंपाकघरात जाऊन पाणी घेऊन आली. सर, यू ड्रिंक फर्स्ट, म्हणाली. जाताना दार तिनं अगदी हळू ओढून घेतलं.

६ नोव्हेंबर, सोमवार.
पोलिसांचा फोन आला. भाजीच आहे. सॉरी म्हणाले. मीही सॉरी म्हणालो.

९ नोव्हेंबर, गुरुवार.
तिला फोन केला. विचारलं, हे मला आधी का नाही सांगितलंस? ती म्हणाली, सांगितलं होतं. कधी? ती म्हणाली, तुमच्याकडे डायऱ्या आहेत ना, बघा.

गेल्या वर्षीची काढली. तिला खोटं ठरवण्यासाठीच काढली.

१९ मार्च: प्रियदर्शिनी परत जायचं काहीतरी म्हणत होती. एसीवाल्याला बोलावणे.
७ जून: प्रियदर्शिनी रडली. बहुधा डोकेदुखी. पॅनाडॉल आणली.
२ सप्टेंबर: ती म्हणाली, इथे माझं नाव घेऊन हाक मारणारं तुमच्याशिवाय कोणी नाही. मी म्हटलं, मग हाक मारतो की. हसली नाही.
२६ डिसेंबर: पुन्हा तोच विषय. पुढच्या वर्षी नक्की बघू म्हणालो. खूश दिसली.

अक्षर माझंच आहे.

१३ नोव्हेंबर, सोमवार.
पासच्या ऑफिसात रत्नदीप बरोबर आला होता. फॉर्मवर सही केली. काउंटरवरच्या बाईंनी पेन दिलं. कारण लिहायचा रकाना होता. मी पेन खाली ठेवलं. रत्नदीपनं विचारलं, सर, मी लिहू का? त्यानं काय लिहिलं ते मी वाचलं नाही.

एकताच्या पासवर ती चार वर्षांची असतानाचा फोटो आहे.

१८ नोव्हेंबर, शनिवार. संध्याकाळी ५.
आज अंबाडी काढली. अकरा रोपांची मिळून एक ओंजळ पानं निघाली. धुऊन ताटात ठेवली आणि लक्षात आलं की ही करायची कशी ते मला माहीत नाही. अकरा वर्षं फक्त खाल्ली.

तिला फोन केला. शनिवारी तिला हाफ डे असतो, आता हेही माहीत झालंय. रागावेल असं वाटलं होतं. रागावली नाही. म्हणाली, लिहून घ्या. आधी पानं उकळून ते पाणी फेकायचं. तूरडाळ आणि ज्वारीच्या कण्या वेगळ्या शिजवायच्या. कण्या नसतील तर तांदूळ चालतील. मग सगळं घोटायचं. लसूण शेवटी, वरून, कडकडीत तेलात.

मी लिहीत होतो. मागे एकता कोणाशी तरी मराठीत भांडत होती, अगदी नागपुरी.

मी विचारलं, डाळ किती वाट्या घेऊ? ती म्हणाली, किती जणांची करायचीय?

एकाची, म्हणालो.

 मग ती वाट्यांचं माप सोडून चमच्यांत सांगू लागली.