हेंपचा म्हणून विकलेला कागद

मी, खाली सही करणारी, वय एकाहत्तर, धंदा कागद बनवणे, हे मृत्युपत्र कुणाच्याही दबावाशिवाय, पूर्ण शुद्धीत लिहीत आहे. परवा माझी शस्त्रक्रिया आहे. डॉक्टर म्हणतात, काळजीचं कारण नाही. माझी काळजी शस्त्रक्रियेची नाहीच.

१. राहतं घर मुलगा आणि मुलगी यांनी निम्मं-निम्मं घ्यावं. जिन्याची तिसरी पायरी सैल आहे. वाटणीआधी ती दुरुस्त करावी, कुणीतरी पडेल.

२. कारखाना, साचे, लगद्याचे हौद आणि हेंपचं, म्हणजे धाग्यासाठी लावतात त्या भांगेचं, तीन एकर शेत मुलीला. मुलगा म्हणतो, हेंप काढून कागदासाठी झाडं लावू. त्याचा हिशेब चूक नाही, हे इथे कबूल करते. हेंप चार महिन्यांत हाताशी येतं, झाडाला सहा-सात वर्षं लागतात, म्हणून मी हेंप धरलं. पण पीक एकदम येतं, ते वर्षभर कोरडं ठेवावं लागतं, आणि सालीचा धागा सोलायची मजुरी वेगळी. माझे दीर झाडं लावतात. ते म्हणायचे, "वहिनी, माझं झाड म्हणजे उभं गोदाम. लागेल तेव्हा तोडतो. तुमचं छप्पर गळलं की वर्ष बुडालं!" भाऊजींच्या जिभेला हाड नाही, असं मी चारचौघांत म्हटलं होतं.

अकरा वर्षांपूर्वी छप्पर गळलं. सगळं हेंप कुजलं. नोंदणी कचेरीला जन्माच्या नोंदवह्यांसाठी चार हजार ताव द्यायचे होते. कागद शंभर वर्षं पिवळा पडणार नाही, असं मी लिहून दिलं होतं. मी दिरांच्या ओळखीने लाकडाचा स्वस्त लगदा आणला आणि कागद हेंपचा म्हणून विकला. मुलांनो, तुम्हाला हे माहीत नव्हतं.

दीर तेव्हा एवढंच म्हणाले, "माझ्या तोंडून बाहेर जाणार नाही." गेलं नाही. तरी ते दारात दिसले की अजून मी काहीतरी निमित्त काढून आत जाते.

गेल्या महिन्यात कचेरीत जाऊन एक वही बघायला मागितली. कडा तपकिरी झाल्या आहेत. पान उलटताना कोपरा माझ्या बोटांत आला. कारकूनबाई म्हणाल्या, "आजी, जरा जपून. लोकांची नावं आहेत."

३. म्हणून ठेवीच्या रकमेतून सर्वांत आधी खऱ्या हेंपच्या वह्या करून कचेरीला द्याव्यात आणि नावं उतरवून घेण्याची मजुरीही भरावी. उरेल ते दोघांचं. काहीच उरलं नाही तर मला बोल लावा, एकमेकांना नको.

४. दिरांना वस्तू काही देत नाही. भाऊजी, तुम्हाला त्या शब्दातून मोकळं करते.

५. मी बरी होऊन घरी आले, तर हा कागद फाडून टाकीन अशी मला भीती वाटते. मी स्वतःला ओळखते. म्हणून कबुलीची एक प्रत आजच कचेरीच्या पत्त्यावर पाठवत आहे.

ठिकाण: राहतं घर, वरची खोली
दिनांक: सोमवार, ३ मार्च

सही: कागदवाली

साक्षीदार:
१. घरचे डॉक्टर. रक्तदाब वाढलेला आहे, डोकं ठिकाणावर आहे.
२. दीर. वाचून सही केली. वहिनी, पाकीट मी स्वतः टपालात टाकून आलो.