कॉपीऐवजी लिंक

३ मार्च
आज वैद्यकीय कॉलेजात रुजू झाले. खिडकीपाशी टेबल, मोठा मॉनिटर, आणि चहाचं मशीन चक्क चालू! कामही मजेचं आहे: पहिल्या वर्षाच्या मुलांसाठी पडद्यावर धडधडणारं हृदय बनवायचं. मुलं त्याचा वेग वाढवतील, झडपा उघडून बघतील, औषध देतील. चुकलं तरी कुणी मरायची भीती नाही. नवऱ्याला म्हटलं, कार्टूनं काढता काढता शेवटी डॉक्टर झाले बघ.

११ मार्च
विभागप्रमुख सरांना काही म्हणजे काही पसंत पडत नाही. झडप जाड, रक्त फार लाल. काल म्हणाले, सगळं बरोबर आहे हो, पण त्यात जीव नाही. आता जीव कुठून आणू? डोकंच फिरलं. प्रयोगशाळेतला सेन्सर स्वतःच्या छातीला लावला आणि माझेच ठोके त्यात घातले. सर एकदम खूश.

१४ मार्च
घोळ सापडला. ठोके कॉपी करायचे, ते मी वैतागात लिंक केले. अगदी नवशिक्याची चूक. लिंक केलं की एकीकडचा बदल दुसरीकडेही होतो. पण सेन्सर तर मी तेव्हाच काढला होता. मग आज मुलांनी वेग वाढवला तेव्हा मी खुर्चीत बसल्या बसल्या धापा का टाकत होते?

१५ मार्च
स्वतःच वेग कमी करून पाहिला. डोळ्यांपुढे अंधारी आली. नवरा म्हणतो ताण आहे, सुट्टी घे. सर म्हणतात परीक्षा तोंडावर आली, आता कशालाही हात लावू नका. सगळं पालथ्या घड्यावर पाणी! मला भीती वाटतेय आणि कुणी ऐकतच नाही.

१७ मार्च
लिंक तोडायला गेले. मशीन विचारतं, कॉपी काढून टाकायची का? कॉपी म्हणून माझं नाव. मूळ म्हणून — पडद्यावरचं हृदय. मशीन बंद करायचीही सोय नाही. बंद केलं तर मी —

१८ मार्च
परीक्षा. सरांनी आयत्या वेळी प्रश्न घातला: हृदय थांबवा, मग पुन्हा सुरू करा. मी हात जोडले. ओरडले. त्यांनी मला मागच्या बाकावर बसवलं, पाणी दिलं. म्हणाले, अहो, चित्रच आहे ते.

पहिल्या मुलीनं थांबवलं.

छातीत काहीच — हात तेवढा चालतोय —

अगं, सुरू कर ना! ती प्रश्नाचा पुढचा भाग वाचतेय, सावकाश, ओळीवर बोट ठेवून — आता पान उल