दाराशी बोलणारा

मी, खाली सही करणारा, लिफ्टदुरुस्तीच्या कामातून निवृत्त झालेला, एक पत्नी आणि एक विवाहित मुलगी असलेला गृहस्थ, हे मृत्युपत्र रुग्णालयाच्या खाटेवर बसून स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. मला कोणी दमदाटी केलेली नाही, कोणी फूस लावलेली नाही. मी कुठल्याही नशेत नाही. ती उद्या सकाळी डॉक्टर देणार आहेत. मात्र मी घाबरलेलो आहे. वकीलबाईंचे म्हणणे पडले की घाबरल्याचा उल्लेख मृत्युपत्रात करायची गरज नसते. पण खरे तेवढेच लिहा, असेही त्याच म्हणाल्या, म्हणून लिहिले.

उद्या माझ्या हृदयाची एक झडप बदलणार आहेत. जुनी नीट उघडत नाही. डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून समजावले तेव्हा मला वाटले, हे तर आपलेच काम, दार अडकले आहे. पण अडकलेल्या दाराच्या आतल्या बाजूला मी तोवर कधी नव्हतो. डॉक्टर म्हणाले, काळजीचे काही कारण नाही, आणि दुसऱ्या पेशंटकडे गेले.

याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही. केले असेल तर ते रद्द समजावे आणि मला विसरायचा आजार होता असे धरून चालावे.

कलम १. राहते घर, म्हणजे तळमजल्यावरच्या दोन खोल्या आणि मागची गॅलरी, पत्नीला. लिफ्टवाल्याने तळमजल्यावर घर घेतले म्हणून नातेवाइकांनी माझी पुष्कळ टिंगल केली. मी म्हणायचो, दिवसभर लोकांना वर पोचवतो, संध्याकाळी तरी माझे पाय जमिनीवर असू द्या. खरी गोष्ट अशी की मला बंद जागेची धास्ती आहे. इमारतीच्या माथ्यावर, लिफ्टच्या मशीन रूममध्ये मी अख्खा दिवस आनंदाने काढीन. पण लिफ्टच्या आत शिरलो आणि दार लागले की पुढचा मजला येईपर्यंत मी दाराच्या फटीशी नाक लावून उभा असतो. हे पत्नीला माहीत आहे, धाकट्या भावाला माहीत आहे, आणि आता वकीलबाईंना.

पत्नीच्या मागे घर मुलीचे. मधली भिंत पाडली तर खोली कशी ऐसपैस होईल, हे जावईबापूंनी एकदा हात पसरून दाखवले होते. त्या वेळी मी त्याच खोलीत चहा पीत होतो. पत्नी हयात असेपर्यंत त्या भिंतीला खिळासुद्धा ठोकू नये.

कलम २. बँकेतली ठेव पत्नीला. ती कुठे आहे आणि तिची मुदत कधी भरते हे तिला माझ्यापेक्षा चांगले ठाऊक आहे, त्यामुळे जास्त लिहीत नाही.

कलम ३. माझी हत्यारांची पेटी, पाने, पक्कड, हातोडी आणि सगळे स्क्रू-ड्रायव्हर, हेही पत्नीलाच. तसेही त्यातले निम्मे स्वयंपाकघराच्या खणात आहेत. मी कामावरून दमून आल्यावर नळाचा वायसर बदलायचा कंटाळा करायचो आणि ती पदर खोचून बदलायची. मला मात्र बाहेर लोक कारागीर म्हणायचे. तिने याचा कधी उच्चार केला नाही, म्हणून मीच करतो. लहान पान्याचा दांडा सैल आहे, जपून वापरावा.

कलम ४. वरच्या मजल्यावरचे शेजारी, ज्यांना आमच्या घरात खुर्चीवाले म्हणतात, त्यांना मी खुर्च्यांच्या पायांखाली चिकटवायच्या जाड कापडाच्या चकत्यांचे एक न फोडलेले पाकीट ठेवत आहे. ते खिडकीच्या फळीवर आहे. दुपारी माणूस जरा पडला की वर खुर्च्यांची मिरवणूक निघते. मी तोंडी सांगून पाहिले, घसा दुखेपर्यंत. आता मेलेल्या माणसाचा शब्द तरी मोडवणार नाही अशी आशा आहे.

कलम ५. देवाबद्दल. हे कलम कशात मोडते ते वकीलबाईंना विचारावे. पत्नी रोज सकाळी हात जोडते आणि मी शेजारी बसून पेपर वाचतो, असा आमचा संसार झाला. ती म्हणायची, वरच्यावर भरवसा ठेवावा. मी म्हणायचो, सगळ्या लिफ्टमध्ये वरचा म्हणजे मीच, आणि माझा मलाच भरवसा नाही. ती रागावून हसायची. पण इथे दाखल झाल्यापासून मी न्हाणीघरात जाऊन, नळ सोडून, हात जोडतो. काय म्हणायचे ते येत नाही. "मला उठव" एवढेच म्हणतो. हे लबाडाचे लक्षण आहे हे मला समजते. देव असेल तर त्यालाही समजत असेल. पत्नीला सांगू नये. ती हे वाचेल तेव्हा तिला कळेलच, आणि तोवर मला लाज वाटायचे कारण उरलेले नसेल.

कलम ६. माझा माउथ ऑर्गन धाकट्या भावाला.

याचे स्पष्टीकरण द्यावे लागेल, कारण त्याच्याशी माझे बोलणे बंद आहे.

आम्ही दोघे एकाच कंपनीत होतो. लिफ्ट मध्येच अडकली की दोन माणसांनी जायचे, अशी आमच्याकडे पद्धत होती. एक वर मशीन रूममध्ये जायचा, वीज तोडून, ब्रेक सोडून, चाक हाताने फिरवत लिफ्ट मजल्याला आणायचा. तो फिरवणारा. दुसरा खाली बंद दाराशी उभा राहून आतल्या माणसाशी बोलायचा, आणि लिफ्ट मजल्याला आली की वरच्याला ओरडून सांगायचा, थांब. तो बोलणारा. बोलणाऱ्याने एक क्षणही गप्प बसायचे नाही, हा नियम. बाहेरचा आवाज थांबला की आतला माणूस दार ढकलू लागतो, आणि मग अपघात होतो.

मी फिरवणारा, धाकटा बोलणारा. त्याच्यासारखा बोलणारा मी पाहिलेला नाही. आत कोण आहे ते न बघता त्याला कळायचे. कोणाला विचारायचा, भाजी काय केलीत. कोणाला म्हणायचा, तुमच्या साहेबांना चार शिव्या द्या, मीही देतो. एकदा एका म्हाताऱ्या शिंप्याशी त्याने कॉलर कशी कापावी यावरून असा वाद घातला की दार उघडले तरी शिंपी बाहेर येईना. म्हणाला, आधी याला समजावतो. काम संपत आले की धाकटा खालून ओरडायचा, "दादा, वाजव!" मी चाकाला ब्रेक लावून माउथ ऑर्गन वाजवायचो. लिफ्टच्या भुयारातून तो सूर खाली जायचा. मला दोनच गाणी येतात आणि दोन्ही अर्धी, पण तक्रार कोणी केली नाही.

पुढे मोठ्या कचेरीतून टाय लावलेले साहेब आले. त्यांनी ठरवले, एका कामाला एकच माणूस पुरे. बोलायला लिफ्टमध्ये रेकॉर्ड लावू. मी भांडलो. रेकॉर्ड बोलेल, पण ऐकणार कसे, थांब कसे म्हणणार, हे विचारले. साहेबांनी माझा मुद्दा नोंदवून घेतला आणि नोंदवलेल्या मुद्द्याचे जे होते ते झाले. मग एक दिवस नवी लिफ्ट तपासायला मी जीव मुठीत धरून आत शिरलो, दार लागले, बटण दाबले आणि भिंतीतून धाकट्याचा आवाज आला. "घाबरू नका. मदत वाटेत आहे. दार ढकलू नका."

आवाज चांगला म्हणून साहेबांनी त्यालाच नेले होते. त्याने दिलाही. मला एका शब्दाने बोलला नाही. मी बाहेर आलो आणि त्या दिवसापासून आमचे बोलणे बंद. सणासुदीला तो पत्नीला फोन करतो, ती माझ्याकडे बघत बोलते, मी पेपर वाचतो. राग अजून आहे. तरी माउथ ऑर्गन त्यालाच द्यावा, कारण तो कुठे वाजवायचा हे दुसऱ्या कोणाला माहीत नाही.

कलम ७. हे कलम कायद्यात बसत नाही, असे वकीलबाई म्हणाल्या. तरी लिहितो.

परवा मला तपासणीसाठी खालच्या मजल्यावर नेत होते. चाकाची खुर्ची, मागे वॉर्डातल्या मावशी. लिफ्ट, आमच्याच कंपनीची, दोन मजल्यांच्या मध्ये अडकली. मला ताबडतोब कळले की ब्रेक लागला आहे, दोर शाबूत आहेत, धोका काही नाही. कळून उपयोग शून्य. मी हात लांबवून धोक्याचे बटण दाबत राहिलो. आणि धाकटा म्हणाला, "घाबरू नका. मदत वाटेत आहे. दार ढकलू नका."

माझ्या तोंडून निघून गेले, "कुठवर आलास?"

मावशी म्हणाल्या, "काका, रेकॉर्ड आहे ते. उत्तर नाही देत."

"ठाऊक आहे. माझा भाऊ आहे तो."

त्यांनी माझ्या कपाळाला हात लावून ताप पाहिला.

तो पुन्हा तेच म्हणाला, पुन्हा तेच. मी ओरडलो, "अरे, पुढे बोल की! जेवलास का, विचार! कॉलर कशी कापतात ते सांग!" मावशींनी माझे खांदे धरून ठेवले होते. लिफ्ट हलली तेव्हा मी रडत होतो. मला मरणाची भीती आहेच, पण ती कशी असते ते तिथे समजले. दार बंद होते आणि बाहेर कोणी नसते.

म्हणून माझी इच्छा अशी की उद्या मला आत नेऊन दार लावले की बाहेर कोणीतरी उभे राहावे आणि बोलत राहावे. पत्नीला जमणार नाही. ती घाबरली की मुकी होते आणि हातात येईल ती वस्तू घट्ट धरून बसते. मुलीला रडू येईल. ज्याला जमते त्याला मी विचारणार नाही.

(येथे मृत्युपत्र संपले होते. पुढचे आजच दुपारी, सगळे समोर असताना लिहिले.)

दुरुस्ती. वकीलबाई त्यांच्या कारकुनाला घेऊन आल्या. कारकून एक साक्षीदार, आणि दुसरे म्हणून पत्नीने खुर्चीवाल्यांना बोलावले होते. ते बिचारे मोसंबी घेऊन आले. वकीलबाईंनी कागद वाचला आणि कपाळाला हात लावला.

"यांची सही नाही चालणार. तुम्ही यांना चकत्यांचं पाकीट दिलंय."

"मग?"

"मृत्युपत्रात ज्याला काही मिळतं, त्याला साक्षीदार करत नाहीत."

खुर्चीवाल्यांनी विचारले, "कसलं पाकीट?" सांगावे लागले. ते म्हणाले, "अहो, जिवंतपणीच द्या ना. आजच चिकटवतो." मला त्यांच्याकडे बघवेना. मोसंबी मात्र त्यांनी ठेवून दिली.

तोवर पत्नी बाहेर जाऊन फोन करून आली होती. कोणाला केला ते तिने सांगितले नाही, मी विचारले नाही. थोड्या वेळाने दारात धाकटा उभा. दाढी वाढलेली, शर्टाचे एक बटण वर-खाली लागलेले. गळ्याभोवतीची हाडे दिसत होती.

वकीलबाई म्हणाल्या, "अडचण तीच आहे. यांनाही काहीतरी ठेवलंय."

"काय ठेवलंय?" त्याने मला नाही, त्यांना विचारले.

"माउथ ऑर्गन."

"तो फुटका?"

"फुटका नाहीये," मी म्हणालो. "एक सूर अडतो."

इतक्या वर्षांनी त्याच्याशी बोललेले हे पहिले वाक्य. त्याने वकीलबाईंच्या हातातून कागद घेतला. साक्षीदाराने वाचायची गरज नसते, असे त्या सांगत होत्या, तरी तो उभ्या उभ्या वाचत गेला. सहाव्या कलमाशी कान लाल झाले. सातवे त्याने दोनदा वाचले.

"दादा, मी नाही म्हटलं असतं तर त्यांनी दुसऱ्या कुणाचा तरी आवाज घेतला असता. मला वाटलं, निदान ओळखीचा तरी असू दे."

"मला सांगायचंस."

"तू चाक फिरवतोस तसं बोलतोस रे. एकदा सुरू झालास की थांब म्हणायलाही जागा नसते." मग वकीलबाईंकडे वळून म्हणाला, "माउथ ऑर्गन वहिनीला लिहा. मी सही करतो." आणि पुन्हा माझ्याकडे, "उद्या कधी नेणार?"

"सकाळी. मला काही ऐकू येणार नाही. डॉक्टर म्हणाले, पूर्ण गुंगी असते."

"त्या लोकांना तरी कुठे धड ऐकू यायचं? दारं केवढी जाड. तरी बोलायचोच ना?"

"काय बोलशील?"

"बघू. वेळेवर सुचतं ते."

पत्नी कोपऱ्यात मोसंबी घट्ट धरून बसली होती.

सबब कलम ४ रद्द, पाकीट हयातीत दिले. कलम ६ मधील माउथ ऑर्गन पत्नीला. धाकट्याने मागितला तर तिने तो द्यावा, न मागता दिला तरी हरकत नाही. कलम ७ कायद्यात बसत नसले तरी कायम. मी अजून घाबरलेलोच आहे, आणि सही थरथरलेली दिसली तर ती माझीच आहे असे समजावे.

ठिकाण : रुग्णालय, पुरुषांचा वॉर्ड, खिडकीजवळची खाट
दिनांक : शस्त्रक्रियेचा आदला दिवस

मृत्युपत्र करणाऱ्याची सही : (सही)
व्यवसाय : फिरवणारा, निवृत्त

आम्ही दोघांनी वरील सही आमच्या डोळ्यांदेखत होताना पाहिली आणि मग त्यांच्यासमोर आमची सही केली.

साक्षीदार पहिला : (सही)
व्यवसाय : वकिलांच्या कचेरीतील कारकून
पत्ता : कचेरीचाच

साक्षीदार दुसरा : (सही)
नाते : धाकटा भाऊ
व्यवसाय : बोलणारा
पत्ता : उद्या सकाळपासून, दादा बाहेर येईपर्यंत, शस्त्रक्रियागृहाच्या दाराशी