तीन नंबर सोडला

प्रति,
मा. प्रकल्प व्यवस्थापक साहेब,
संत्रा रस व शीतगृह प्रकल्प,
लोधीखेडा रोड, ता. सौंसर

विषय : शीतगृहातील तीन नंबरची लाईन खोलण्याचे काम तात्काळ थांबविण्याबाबत.
संदर्भ : आज दुपारी पाळी बदलताना बसच्या खिडकीतून दिलेला निरोप.

महोदय,

आपल्याकडून निवृत्त झालेले रघुनाथराव काका मला एकदा म्हणाले होते, "सूनबाई, विनोदले सांग, खिडकीतून आलेल्या निरोपावर पाना लावू नोको." मी हसण्यावारी नेले. म्हटले, "काका, एवढी मोठी कंपनी खिडकीवर थोडीच चालते!"

साहेब, खिडकीवरच चालते. एक बस निघते, दुसरी आत शिरते, तेवढ्यात माणसे ओरडून काम सोपवतात. आमची खोली गेटसमोर आहे, मी रोज ऐकते. आज सुटीच्या बसमधून आधीच्या पाळीचे गुणवंताभाऊ ओरडले, "विनोद, तीन नंबर सोडला बे!" माझे पती म्हणाले, "समजलं, तू जा, जेव!"

ते समजले, लाईनीतला अमोनिया सोडून दिला, लाईन रिकामी आहे. आत्ता मालतीवहिनींशी फोनवर बोलताना मागून त्यांचे यजमान, म्हणजे गुणवंताभाऊच, म्हणाले, "पाच लाईनी खाली केल्या. तीन नंबर तसाच सोडला, टाइमच नाही भेटला." म्हणजे तिच्यात गॅस भरलेला आहे. आणि विनोद एक नंबरपासून ओळीने एकेक लाईन खोलून सांध्यातले गॅस्केट बदलून राहिले आहेत.

त्यांचा मोबाईल गेटवर जमा आहे. गुणवंताभाऊ तिकडून कंट्रोल रूमला फोन लावून राहिले, कोणी उचलत नाही. सगळे साहेब लोक हॉलमध्ये अनुभव-आदानप्रदान शिबिरात आहेत. टाळ्या इथपर्यंत ऐकू येतात. गार्डभाऊ म्हणतात, "मॅडम, घरचा निरोप असा आत नाही जात. अर्ज लिहा, विषय टाका." म्हणून मुलीला कडेवर घेऊन हा अर्ज लिहीत आहे. अक्षराबद्दल क्षमस्व.

तरी विनंती की, आवक क्रमांक नंतर टाकावा, आधी कोणाला तरी पळत पाठवावे. विनोदला नावाने हाक मारावी. "गॅस भरलेला आहे" एवढेच सांगावे, "सोडला" हा शब्द कृपया वापरू नये. हाकेला ओ आली नाही तर मास्क लावल्याशिवाय कोणी पुढे जाऊ नये. पण जावे, साहेब. ते कसे आहेत ते बघून यावे.

गेटवरच थांबलेली, आपली नम्र,
सौ. प्रणाली विनोद कळंबे
दि. १४/०२/२०२५