उपासाला चालणारी गोळी

१२ ऑक्टो., गुरुवार
दुकानात पाय ठेवायला जागा नाही. नवरात्र तोंडावर आल्यावर अख्ख्या पुण्याला आठवतं की साडीला फॉल लावायचा असतो. आज नुसत्या नारंगी साड्या. मशीनवरून उठले तरी भिंत नारंगी दिसत होती.
चहाच्या वेळी शोभाताई म्हणाल्या, "नीला, वाघोलीचं नवं दुकान दिवाळी पाडव्याला उघडायचंय. तू एकटी सांभाळशील का गं?" मी म्हटलं, विचार करून सांगते. विचार कसला करायचाय डोंबलाचा, हो आहे माझं. येताना स्वारगेटपासून बसमध्ये एकटीच हसत होते. शेजारची बाई सरकून बसली. बसू दे. आज हसायला कारण होतं.
बाबांना सांगितलं. "वाघोली म्हणजे नगरच झालं. डबा न्यावा लागेल." म्हणजे खूश आहेत.

१४, शनिवार
उद्या घट. ठरवलंय, यंदा नऊ दिवस फक्त दूध आणि फळं. खिचडी, वरई, काही नाही. ज्या वर्षी टीव्हीतली बातम्यांची बाई माझ्याबद्दलच बोलते असं वाटायचं, त्या वर्षी मला कोणी सुईसुद्धा हातात दिली नसती. आणि आता अख्खं दुकान देतायत. देवीचे आभार मानायचे तर कडक मानायचे.
बाबा : "देवीने उपाशी राहायला सांगितलंय का?"
मी : "बाबा, तुम्ही यात पडू नका."
"नाही पडत. गोळीचं काय?"
"घेणार की. उपासाला चालते गोळी."
गोळीत मी खाडा करत नाही. मागची उपाशीपोटीसुद्धा चालायची. पावसाळ्यात डॉ.नी बदलून ही दिली, हिने दुपारची पेंग येत नाही. 'जेवणाबरोबर घ्या' म्हणाल्या होत्या. दूध-केळं म्हणजे उपासाचं जेवणच.

१७, मंगळवार. लाल
शो.ता.ना हो सांगून टाकलं. त्यांनी पेढा पुढे केला, मी उपास सांगितला, त्यांनी तो पुडीत बांधून पर्समध्ये कोंबला. दसऱ्याला खा म्हणे.
लाल साडीत बघून बाबा : "सिग्नलला उभी राहू नकोस, वाहतूक थांबेल."
भूक लागते, पण मजा येतेय. अंग हलकं वाटतं.

१९, गुरुवार. पिवळा
दोन रात्री झोप धड नाही. आनंदाने असेल. वाघोलीच्या दुकानात मशीन खिडकीशी लावायचं की आत, हेच डोक्यात.
शो.ता. फोनवर कोणाशी तरी हळू बोलत होत्या. मी आत गेले तर थांबल्या. का थांबल्या

२०, शुक्रवार. हिरवा
स्वारगेटला उतरले. समोर हिरवी, बाजूला हिरवी, रिक्षात तिघी हिरव्या.  वाटलं, ह्या सगळ्यांचं ठरलंय आणि मला तेवढं दाखवायचंय. अंगावर माझ्याही हिरवीच, सकाळी मीच नेसले. तरी वाटलं.
दुकानात गेले नाही. पोट बिघडलंय असं कळवलं आणि उलट पावली घरी.
बाबांना विचारलं, "आज सगळ्या बायका हिरव्यात आहेत ना?"
"आहेत. पेपरात रंग छापून येतो. खालची भाजीवालीसुद्धा हिरव्यात आहे."
"मला दाखवायला नेसल्यात, असं पेपरात आहे का?"
बाबांनी चष्मा काढला. म्हणाले, "नाही. तेवढं पेपरात नाही." मग स्वतःच डॉ.ना फोन लावला. माझा हात धरून बसले होते. इतक्या वर्षांत बाबांनी हात धरलेला आठवत नाही. मी खूप रडले. दुकान गेलं माझं, एवढंच येत होतं मनात.

२१, शनिवार. राखाडी
दवाखान्यात चिठ्ठी घेणारी मुलगी राखाडी. डॉ. मॅडम राखाडी. मी हसायला लागले, मॅडमना कारण सांगितलं, त्याही हसल्या. बरं वाटलं. कालचं हसू येत नव्हतं, आज आलं.
झोपेचं विचारलं, गोळ्यांची पाकिटं बघितली. "गोळी चुकलेली नाही. मग जेवणात काय बदललं?" मी दूध-केळं सांगितलं. मॅडम कपाळाला हात लावून बसल्या. ही गोळी पोटभर जेवणाबरोबरच अंगाला लागते म्हणे. नुसत्या दुधावर निम्मीही नाही. म्हणजे रोज घेतली आणि तरी घेतली नाही.
मी : "मग आज दोन घेऊ का?"
"अजिबात नाही. एकच, रोजच्या वेळी, जेवून. आणि लवकर आलात हे फार छान केलंत. चार दिवसांनी परत या. मधे भीती वाटली, झोप गेली, तर त्याआधीच फोन."
बाबा : "खिचडी चालली असती का हो?"
"तूप घालून वाडगाभर खाल्ली असती तरी चाललं असतं."
बाहेर आल्यावर बाबा : "देवी बिचारी खिचडीला नाही म्हणाली नव्हती."
संध्याकाळी वरण-भात, पोळी, बटाट्याची भाजी. मग गोळी. उपास सुटला. देवीला म्हटलं, रागावू नकोस. नाही रागावणार, ती काय नवीन ओळख आहे का?

२४, मंगळवार. दसरा
झोपले. काय झोपले! बाबा दोनदा बघून गेले म्हणे, श्वास चालू आहे ना. श्रीखंड-पुरी. बायका मोरपंखी, जांभळ्या, कोणत्याही रंगात असोत, मला काही पडलेली नाही.

२५, बुधवार
मॅडम खूश. आजाराचं दुकानात सांगायचं की नाही ते तुमच्यावर, म्हणाल्या, पण नवीन दुकानात जेवणाची वेळ पाळता येईल का ते बघा. अडचण तीच आहे. वाघोलीला गिऱ्हाईक ऑफिसातून सुटल्यावर येतं, दुकान रात्री नऊपर्यंत, मधे डबा उघडायलाही उसंत मिळणार नाही. मग बस. घरी पोचून जेवायला अकरा. एक दिवस जमेल, रोज कसं जमायचं? आणि न सांगता सवलत मागायची तरी कशी?

२८, शनिवार. कोजागिरी
सांगितलं शो.ता.ना. दुकान बंद करताना, शटर अर्धं खाली असताना. आजाराचं नावही सांगितलं. गोळीचं, जेवणाचं, हिरव्या दिवसाचं सगळं. पोट बिघडलं नव्हतं हेही.
त्यांनी हिशोबाची वही मिटली. मग म्हणाल्या, "मला जरा वेळ दे गं." शटर ओढलं.
बसमध्ये भीती वाटत होती, पण ती दुकान जाण्याची, हिरव्या दिवसासारखी नाही. जेवले, गोळी घेतली, मग गच्चीत सोसायटीबरोबर मसाला दूध. जेवणानंतर दूध किती छान लागतं.

३१, मंगळवार
दोन दिवस शो.ता. कामापुरतं बोलतायत. मीही विचारत नाही. दुकान जाईल कदाचित. वाईट वाटतं, खूप वाटतं. पण झोप येते आणि भूक लागते.

२ नोव्हें., गुरुवार
सकाळी शो.ता. धागा ओवता ओवता, माझ्याकडे न बघता : "ती गोळी दुपारच्या जेवणाबरोबर घेतली तर नाही का चालणार? वाघोलीला आपण दुपारी बंदच ठेवू, पुणेकर म्हणून तेवढा हक्क आहे आपला. नीट जेव, गोळी घे, चारला उघड."
 मी डोळे पुसले ते साडीच्या पदराने, आणि साडी गिऱ्हाइकाची.
मग म्हटलं, "शोभाताई, वेळ मी माझ्या मनाने बदलणार नाही. डॉक्टरांना विचारून सांगते."
"विचार. पेंटर उद्या येतोय. पाटीवर नाव रंगवून घेते, वेळेची जागा कोरी ठेवायला सांगते."
मॅडमची वेळ सोमवारची मिळाली आहे.