केळीची सीडी

मेहरूण, जळगाव
मार्च १९९९, मंगळवार संध्याकाळ

चार दिवस वहीला हात लावला नाही, माफी असावी. लिहायची लाज वाटत होती.

सूनबाई माधुरी छापखान्याची प्रुफं घरच्या कॉम्प्युटरवर दुरुस्त करते. त्यासाठी तिने विकतचा प्रोग्राम घेतला आहे. शुक्रवारी ती नसताना मी शेतकी प्रदर्शनात मिळालेली केळीच्या लागवडीची सीडी लावली. तिच्यातली पुस्तिका वाचायला फुकटचा प्रोग्राम टाकू का, पुढे सगळं त्यातच उघडू का, असं मशीनने विचारलं. दारी आलेल्याला नाही म्हणायची मला सवय नाही. सगळ्याला हो, हो केलं.

तेव्हापासून तिची प्रुफं त्या फुकटच्यातच उघडतात. दिसतात, पण एक अक्षर बदलत नाही.

"आबा, तुम्ही काही केलं का हो?"

"मी? मला बटण तरी कळतं का!"

"तेही खरंच," म्हणून हसली.

विकतचाच बिघडला असं समजून आज प्रुफांची फ्लॉपी घेऊन ती तिच्या भावाकडे धुळ्याला गेली, त्याच्या कॉम्प्युटरवर दुरुस्त करायला. प्रुफं उद्या दिली नाहीत तर काम जाईल. स्टँडवर मीच पिशवी धरून उभा होतो. तेव्हा तरी बोलायचं होतं. का नाही बोललो? ती हसली म्हणून?

माधुरी, पोचलीस की शेजारी फोन कर, बाई. मला सांगायचं आहे. लवकर कर.