पुढच्या रांगेतली खुर्ची

कोथरूड, पुणे
१४ मार्च २००४

आदरणीय ताई,

तुला आणि भाऊजींना धाकट्या भावाचा सप्रेम जयभीम. तुझा गुडघा काय म्हणतो? भाऊजींनी चहातली साखर खरंच बंद केली, की फक्त तुझ्यासमोर बंद केली? कल्याणीला मामाचे आशीर्वाद सांग. लग्नाच्या खरेदीत ती वाळली असेल, वेळेवर जेवायला घाल. इकडे आम्ही मजेत आहोत. (तुझी भावजय म्हणते, 'मजेत' जरा जास्त होतं, 'बरे आहोत' लिहा. पण पेन माझ्या हातात आहे.) पत्र दुरेघी कागदावर आहे म्हणून हसू नकोस. या पार्किन्सनमध्ये अक्षर लिहिता लिहिता मुंगीएवढं होत जातं, दोन रेघांत कोंडलं की जागेवर राहतं. पाटीवर माझा हात धरून तूच मला गिरवायला शिकवलंस, आता साठी उलटल्यावर मी पुन्हा तिथेच आलोय.

तुझं पत्र पोचलं. त्यात तू लिहिलंयस, की भाऊ, आता दगदग करू नकोस, कल्याणीच्या लग्नात पुढच्या रांगेत तुझ्यासाठी गादीची खुर्ची ठेवते, तू नुसता बसून राहा, गाथांची कॅसेट लावू. त्याबद्दल मला काहीही म्हणायचं नाही. आपल्या घरातल्या प्रत्येक लग्नात मंगलगाथा मीच म्हटल्या, आणि नागपुरात इंदोऱ्याच्या लग्नात ऐन वेळी लाइट जाऊन माईक मुका झाला तेव्हाही मांडवाबाहेरच्या आचाऱ्यापर्यंत माझा आवाज पोचला होता (टेलिफोन खात्यात ट्रंक कॉलवर ओरडून कमावलेला आवाज तो), हे तुला आठवत असेलच. म्हणून त्या विषयावर मी गप्प बसतो आणि इकडची हकिकत सांगतो.

माझा आजार लक्षात यायला उशीर झाला त्याला पुणे जबाबदार आहे. या आजारात चेहऱ्याचे स्नायू आखडतात. आत हसू येतं, पण ते बाहेर उमटत नाही. नागपुरात माझं असं झालं असतं तर दुसऱ्या दिवशी अख्खी गल्ली घरात येऊन बसली असती, कारण खो खो हसणारा माणूस म्हणूनच तिथे मला ओळखत. इथे कुणाला काही वावगं वाटलं नाही. उलट शेजारचे निवृत्त प्राध्यापक, जे वीस वर्षांत माझ्याशी हवामानापलीकडे बोलले नव्हते, ते जिन्यात थांबून म्हणाले, की आता तुम्ही खरे पुणेकर वाटता. मी मनापासून हसलो. ते अर्थातच त्यांना दिसलं नाही, त्यामुळे त्यांचं माझ्याविषयीचं मत आणखी चांगलं झालं.

निदान झाल्यावर आमच्या लेकानं, अनिरुद्धनं, सूत्रं हातात घेतली. तो हिंजवडीला कॉम्प्युटर कंपनीत असतो आणि तिथे त्यांना आनंदी कसं राहावं याचं ट्रेनिंग देतात. (आनंदी राहायला घरी वेळ मिळत नाही, म्हणून तिथेच देत असावेत.) त्यानं फ्रिजवर चांगल्या विचारांचे प्रिंटआउट चिकटवले आणि मला जवळच्या बागेतल्या हास्यक्लबात घातलं. मी जायला तयार झालो, पण बाग रस्त्यापलीकडे. माझे पाय मधूनच जमिनीला चिकटतात, विशेषतः दारात. पट्टे दिसले की मात्र एकेका पट्ट्यावर पाऊल टाकत सुटतात. म्हणून मी झेब्रा क्रॉसिंगवरूनच जातो. कोथरुडात त्या पट्ट्यांवरून चालणारा बहुधा मी एकटाच. स्कूटरवाले थबकून बघतात, हा कुठून आला म्हणून, आणि तेवढ्यात मी पलीकडे पोचतो.

क्लबाचे प्रमुख हिंमतराव. सैन्यातून निवृत्त झालेले, आणि हसण्याच्या बाबतीत अतिशय कडक. ते हात वर करतात, मग पन्नाससाठ माणसं आकाशाकडे बघून हा हा करतात. मीही करत होतो. तिसऱ्या की चौथ्या दिवशी ते माझ्यापाशी आले आणि म्हणाले, "आपण जरा मागच्या रांगेत उभे राहाल का? आपल्याकडे पाहून लोकांचं हसू थांबतं."

मी म्हटलं, "साहेब, मी मघापासून हसतोय. चेहऱ्यापर्यंत पोचायला वेळ लागतो."

हे मी अगदी खरं म्हणून सांगितलं होतं. पण शेजारच्या बाई फिस्सकन हसल्या, मग त्यांची मैत्रीण, मग सगळी रांग. हिंमतरावांनी हात वर केलेला नसताना हसायची त्या क्लबातली ती पहिलीच वेळ असावी. त्यांनी शिस्त म्हणून दोन मिनिटं वाट पाहिली आणि मग स्वतःच डोळे पुसत खाली बसले.

आता हसण्यावारी न नेता एक सांगतो. चेहऱ्याचं मला काही वाटलं नाही ताई, पण आवाज बसायला लागला तेव्हा मी घाबरलो. मी मीठ मागायचो आणि तुझी भावजय "काय?" म्हणायची, इतक्यांदा, की मी अळणी खायला लागलो. पावसाळ्यात तू फोन केला होतास. मी बोलत होतो, आणि तू हॅलो हॅलो करून, लाइन खराब आहे म्हणत फोन ठेवून दिलास. लाइन चांगली होती, ताई. जन्मभर मी लोकांच्या लाइनी जोडल्या, मला कळतं.

त्या दिवशी मी ठरवलं, की पाय थांबतील तिथे थांबू देत, आवाज जाऊ द्यायचा नाही. दवाखान्यात बोलण्याचे व्यायाम शिकवणाऱ्या मुलीनं सांगितलं, रोज पोटातून ओरडा. ओरडायचं कुठे? गच्चीवर ओरडलो तर सोसायटीच्या सेक्रेटरींनी येऊन अतिशय नम्रपणे विचारलं, की आपल्याला काही हवंय का. शेवटी हिंमतरावांकडे गेलो. त्यांनी व्यायामाचे आकडे म्हणायचं काम माझ्याकडे दिलं. सुरुवातीला 'एक, दोन' पहिल्या रांगेच्या पुढे जात नव्हतं. मागचे लोक हात खाली करायचं विसरून तसेच उभे राहायचे. मी रोज गेलो. गोळी लागू पडली नाही त्या दिवशीही गेलो. आता शेवटची रांग माझ्या आकड्यावर वाकते आणि बागेबाहेरचा पोहेवालाही त्याच आकड्यांवर पोहे परततो. आजार बरा होणार नाही, हे मला ठाऊक आहे. तोही राहील, मीही राहीन, आणि आमच्या दोघांत मोठ्यानं बोलणार मीच.

असो. मुंगी व्हायच्या आत अक्षर थांबवतो. लग्नाच्या घाईत दोन घास उभ्यानं खाऊ नकोस.

तुझाच,
भीमराव

ताजा कलम : कॅसेटबद्दल मला अजूनही काही म्हणायचं नाही. फक्त नागपूरच्या उन्हात टेप ढिली पडून गाथा रडक्या येतात, एवढं भाऊजींच्या कानावर घाल.

आणखी एक : पत्रिकेत सकाळी अकराची वेळ आहे. म्हणजे आपल्याकडे किती वाजता? गोळी घेतल्यावर माझे तीनेक तास चांगले जातात. पाहुण्यांना सांगायची ती वेळ नको, खरी वेळ कळव. अकरा म्हणजे अकराच असतील तर फारच उत्तम. मी पुण्याचा आहे.

पुढे : कल्याणी सासरी निघेल तेव्हा माझा चेहरा कोरा दिसेल. व्याह्यांना आधीच कल्पना दे. आजाराचं सांगू नकोस, कीव करतील. मामा पुण्याचा आहे एवढंच सांग, समजून घेतील.

शेवटचं : तिकिटं काढली आहेत. खुर्ची भाऊजींना दे. मांडवाच्या दारात माझे पाय चिकटलेच तर कुणी ढकलू नका, ओढू नका. कॅसेट बंद कर आणि तू आतून गाथेची पहिली ओळ म्हण. त्या तालावर पाय सुटतात, मी घरी करून पाहिलंय. दुसरी ओळ म्हणत मी आत येतो. तुला ऐकू येईल.